एमबीएच्या टाइमटेबलात बुटीबोरी कुठं आहे?

फुल टाइम एमबीएला असाल तर तुमचा आठवडा सांगायला ज्योतिषी लागत नाही. सोमवारी केस स्टडी मिळते. मंगळवारी ग्रुपमधल्या पाचांपैकी दोघंच ती वाचतात. बुधवारी रात्री दोनपर्यंत पीपीटी चालते आणि गुरुवारी तीच पीपीटी टाय लावून वाचून दाखवायची. शुक्रवारी ॲप्टिट्यूड नि ग्रुप डिस्कशन, शनिवारी गेस्ट लेक्चर, रविवारी राहिलेल्या असाइनमेंट. मधेच बर्डीवर तर्री-पोहे खायला मिळाले तर आठवडा बरा गेला म्हणायचा!

एवढी धावपळ करून आपण असतो कुठं? वर्गात. माझं म्हणणं साधं आहे. यातला एक दिवस वर्गाबाहेर, बुटीबोरीत जायला हवा. तोही दर आठवड्याला. वर्षातून एकदा बस करून जायचं, गेटसमोर ग्रुप फोटो काढायचा, नाश्ता करून परत यायचं, त्या 'इंडस्ट्रियल व्हिजिट'बद्दल मी बोलत नाही.

नागपूरहून वर्धा रोडनं निघालात की साधारण तीस किलोमीटरवर बुटीबोरी येतं. तिथं इंडोरामाचा पॉलिस्टरचा कारखाना आहे, सीएटचा टायरचा प्लांट आहे, आणि त्यांच्या आजूबाजूला कितीतरी लहान-मोठी युनिट्स. रेल्वे स्टेशन आहे. मेट्रोचा दुसरा टप्पाही बुटीबोरी एमआयडीसीपर्यंत मंजूर आहे. तरी आपण ऑपरेशन्सच्या तासाला टोयोटा शिकतो आणि घराजवळचा कारखाना फक्त बसच्या खिडकीतून बघतो. टोयोटा शिकू नये असं नाही. पण त्याच टोयोटाचे ताइची ओनो नव्या इंजिनिअरला कारखान्यात खडूनं आखलेल्या गोलात उभं करायचे आणि काम नीट बघ म्हणायचे, हे आपण पीपीटीच्या स्लाइडवर वाचतो. गोलात मात्र कधी उभं राहत नाही.

फायनान्सवाल्यांनी तर बुटीबोरी चुकवूच नये. दिवाळखोरी कायद्याच्या तासाला एक निकाल हमखास येतो : विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर विरुद्ध ॲक्सिस बँक, १२ जुलै २०२२, सुप्रीम कोर्ट. कर्ज आहे, ते थकलंय, मग कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करणं बंधनकारक आहे का? की न्यायाधिकरण परिस्थिती बघून ठरवू शकतं? ठरवू शकतं, असं कोर्टानं सांगितलं. ही कंपनी कुठली? बुटीबोरीचं ६०० मेगावॉटचं वीज केंद्र चालवणारी. इंधनाच्या खर्चावरून वीज नियामक आयोगाशी वाद होता, त्यातून १,७३० कोटी रुपये मिळायचे आहेत, असं कंपनीचं म्हणणं होतं. केंद्र जानेवारी २०१९ पासून बंद पडलं. पुढं २०२५ मध्ये ते सुमारे ४,००० कोटींना अदानी पॉवरकडे गेलं. एवढी मोठी केस तीस किलोमीटरवर घडली, आणि आपल्यापैकी किती जणांनी त्या चिमण्या 'ही तीच कंपनी' म्हणून बघितल्या आहेत?

वीज केंद्र बंद पडतं तेव्हा बॅलन्स शीटवर एक आकडा बदलतो. गावात मात्र कंत्राटी कामगाराची हजेरी बंद होते, डबेवालीची गिऱ्हाइकं कमी होतात, खोल्या रिकाम्या पडतात. हे कुठल्या रेशोत बसवायचं, ते आपल्याला शिकवलेलं नाही. एचआरवाल्यांनी पाळी सुटताना गेटवर अर्धा तास उभं राहून बघावं. एकाच मशीनवरचे दोघं, एक परमनंट, एक ठेकेदाराचा. दोघांना 'मोटिव्हेशन'ची एकच थिअरी कशी लावायची, सांगा बरं!

आता तुम्ही म्हणाल, "भाऊ, कंपनीवाले आत घेतात काऊन?" खरं आहे, मोठ्या कंपन्या सहजी घेत नाहीत. सुरक्षेची कारणं असतात, आणि चाळीस पोरांना फिरवायला कुणाला वेळ नसतो. पण चाळीस जणांनी जायचंच कशाला? चार-चार जणांनी एकेक लहान युनिट धरावं. ज्याचा मालकच खरेदी, वसुली आणि भरती तिन्ही बघतो, त्याच्याकडे आपल्या चारही सेमिस्टरचा अभ्यास आहे. उधारी किती दिवसांनी येते, ट्रक वजनकाट्यावर किती वेळ उभा राहतो, कामगार सणाला गावी गेले की ऑर्डर कशी पुरी होते, एवढे तीन प्रश्न महिनाभर धरून बसलात तरी खूप झालं. त्यालाही त्याच्या स्टॉकची नीट एक्सेल शीट करून द्या, म्हणजे तो तुम्हाला पुढच्या आठवड्यात परत बोलवेल.

आणि वेळ? शनिवारचं गेस्ट लेक्चर काढा. पाहुण्यांनी 'आऊट ऑफ द बॉक्स' विचार करायला सांगण्याऐवजी आपणच त्या बॉक्सबाहेर पडू.

हे आत्ताच का हवं, तेही सांगतो. उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपचं खरं काय ते आपल्याला माहीत आहे. ओळखीनं सर्टिफिकेट, मागच्या वर्षीची फाइल, वर आपलं नाव, आणि 'शंभर रिस्पॉन्डंट्स', जे सगळे आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपमधले. दोन वर्षांची फी बापानं भरलेली किंवा बँकेची. इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न येतो, "प्रोजेक्टमध्ये तुम्ही स्वतः काय केलं?" तिथं स्पायरल बाइंडिंग कामाला येत नाही.

मुंबईच्या ज्या जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटसाठी आपण सीईटीला रात्री जागवल्या, ती १९६५ ची. जमनालालजींची कर्मभूमी मात्र वर्धा, म्हणजे बुटीबोरीवरून याच रस्त्यानं पुढं. आपल्या वर्गातही एखादा असतोच, ज्याचे बाबा एमआयडीसीत पाळीवर जातात. तो टाय लावून केस स्टडी वाचतो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही, तुझे बाबा काय सांगतात? या शनिवारी त्याला विचारा. पहिलं गेट तोच दाखवेल.