आपली भूमी कंची?

सातपूर-अंबडच्या नाक्यावर आपलीच काही पोरं गळ्यात निळा रुमाल टाकून ‘भय्या हटाव’च्या घोषणेत घसा फोडताना बघितली. भूमिपुत्र म्हणे! मायला, आपल्या आज्याच्या नावावर भूमी होती कधी? पाटलाच्या बांधावर उभं राहायची चोरी, आणि नातू भूमिपुत्र!

माझा आजा १९७२च्या दुष्काळात जालन्याकडनं निघाला. खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि नाशकात आला. १९६२ला एमआयडीसी स्थापन झाली होती, सातपूरच्या शेतांवर शेडी उठल्या होत्या, ओझरला मिग विमानाचा कारखाना चालू होता. मागनं अंबड आलं. कारखान्याला हात पाहिजे होते, तिथं आजा खपला. खोलीला मात्र जात लागायची. मालक आधी आडनाव विचारायचा, मग भाडं. म्हणून नाल्याकाठी पत्रे ठोकले. १९७८ला नामांतराच्या वेळी मराठवाड्यात आपली घरं जाळली, तेव्हा आणखी नातलग त्याच पत्र्याखाली आले. शहरातले सभ्य लोक तेव्हा बोलायचे, ‘मराठवाड्याचे लोंढे.’ शब्द ओळखीचा वाटतो ना? आज तोच भय्याला लावतात, आणि लावणाऱ्यांत आपण!

आज आझमगढ, गोरखपूर, छपऱ्याची पोरं येतात. एका खोलीत सहा जण. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच चटईवर आडवा. आमच्या गल्लीतला एक नुसता ‘कुमार’ म्हणून नाव सांगायचा. पेटीत रविदासांचा फोटो दिसला, तेव्हा कळलं आडनाव का गिळतो ते. आज्यानं पण गिळलं होतं.

फेब्रुवारी २००८मध्ये या लोकांना नाशकात मार बसला, गाड्या भरभरून पळाले, कारखाने थंडावले. त्या रिकाम्या जागांवर आपली किती पोरं कायम झाली? ठेकेदार तोच राहिला. मग १ मे २०२०, कामगार दिन आणि महाराष्ट्र दिन एकाच दिवशी: टाळेबंदीत अडकलेल्यांना घेऊन नाशिकरोडहून भोपाळला श्रमिक गाडी सुटली. ज्यांनी शेडी चालवल्या त्यांना महिनाभर जेवू घालायची दानत मालकांत नव्हती.

पँथर हे नाव आपण अमेरिकेतनं घेतलं, तर तिथल्या पँथरांनी काय केलं तेही बघा. दुसऱ्या महायुद्धानंतर पोर्तो रिकोची माणसं शिकागोच्या कारखान्यांत भरली, वस्त्या झाल्या, मग त्या वस्त्या सुधारणेच्या नावाखाली उठवल्या. त्यांच्या पोरांनी यंग लॉर्ड्स काढली. १९६९ला ब्लॅक पँथरच्या फ्रेड हॅम्प्टननं त्यांच्याशी हात मिळवला. दक्षिणेतनं आलेल्या गरीब गोऱ्यांच्या यंग पॅट्रियट्सशी पण! ४ डिसेंबर १९६९ला पोलिसांनी त्याला झोपेत गोळ्या घातल्या. एवढी भीती एकीची.

आणि काळारामाच्या दारात १९३०ला आपली वाट अडवणारे कोण होते? परप्रांतीय?

मी मुंबईत गोदीत ठेक्यावर ओझी उचलतो. तिथं मुकादम मला सांगतो, ‘भय्या कमी पैशात करतो,’ आणि भय्याला सांगतो, ‘हे लोकल युनियन करतील, तुला हाकलतील.’ दोघांचे पैसे एकाच खिशात कापतो. त्या कुमारला परवा विचारलं, सही कितीवर घेतात न हातात किती देतात. त्यानं आकडा सांगितला. आमच्या वस्तीतल्या ठेक्यावरच्या पोराला विचारलं. आकडा तोच.