तलवारीच्या गोष्टी पुष्कळ झाल्या, मागाची गोष्ट कुठे आहे?

मागच्या आठवड्यात वाचनाच्या तासाला सातवीच्या मुलांना मी ऐतिहासिक गोष्टींची पुस्तकं वाटली. किल्ले, वेढे, गनिमी कावा, घोडदौड. मुलं तुटून पडली. तास संपल्यावर पुस्तक परत देताना एका मुलीनं विचारलं, “सर, यात आपल्यातले फक्त शत्रूच असतात का?”

आपण सगळे देतो तेच उत्तर मी दिलं. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, त्यांच्या पदरी काझी हैदर होते. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पण ते दरबारातले, लढाईतले. आमचे पणजोबा तर मालेगावला माग चालवायचे. त्यांची गोष्ट आहे का?”

माझ्याकडे नव्हती. शाळेच्या कपाटातही नव्हती. मी स्वतः मालेगावच्या विणकर घरातला, उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवून पोट भरणारा. तरीही नव्हती.

मराठीत मुलांसाठी लिहिलेली बहुतेक ऐतिहासिक कथा किल्ल्याच्या दरवाजापाशी सुरू होते आणि तिथंच संपते. तिच्यात आपल्याला दोनच जागा मिळतात. एक अफजलखानाची आणि दुसरी, त्याला उत्तर म्हणून आपणच पुढे केलेल्या दौलतखानाची. दौलतखान खराच होता, त्याचं नाव मुलांना कळायलाच हवं. पण दरवेळी निष्ठेचा दाखला म्हणून त्याला उभं करणं म्हणजे कोर्टात साक्षीदार आणण्यासारखं झालं. ज्याच्यावर आरोप नाही त्याला साक्षीदार कशाला लागतो? आपल्या मुलांना साक्षीदार नको, पूर्वज हवे आहेत.

आणि पूर्वजांची गोष्ट काही कमी थरारक नाही. 1857 च्या उठावानंतर मऊ, आझमगढ, बनारस, अलाहाबाद या भागांतून मोमिन विणकरांची कुटुंबं आग्रा रस्त्यानं दक्षिणेकडे निघाली. मुंबई ते अलाहाबाद सलग रेल्वे 1870 साली झाली. म्हणजे सुरुवातीला निघालेल्यांनी हजार किलोमीटरहून मोठी वाट मुख्यतः पायी आणि बैलगाडीनं कापली. वाटेत नर्मदा, तापी, सातपुडा. मग गिरणा आणि मोसमच्या संगमावर, नारोशंकरांच्या भुईकोट किल्ल्याच्या सावलीत ते थांबले. मालेगाव तेव्हा खानदेश जिल्ह्यात होतं, नाशिक जिल्हा 1869 चा. भाषा वेगळी, पाणी वेगळं, भाकरी वेगळी. तिथं त्यांनी जमिनीत खड्डे खणून माग बसवले. घरातला पुरुष खड्ड्यात पाय सोडून धोटा फेकायचा, बाई सुताला खळ लावायची, पोरं कांड्या भरायची.

आणि ते विणत काय होते? रंगीत लुगडी. पूरबी बोलणारे हात मराठी बाईची नऊवारी विणत होते. पुढे 1930 च्या दशकात यंत्रमाग आले, खटखट वाढली, पण गिऱ्हाईक बराच काळ तेच राहिलं. शेतात निंदायला जाणाऱ्या, जत्रेला जाणाऱ्या किती बायांच्या अंगावर या लोकांचं सूत होतं! या एका गोष्टीवर मुलांची कादंबरी उभी राहू शकते. ती कुणी का लिहिली नाही?

हा प्रश्न मी जाणत्या माणसांना विचारतो तेव्हा दोन उत्तरं मिळतात. पहिलं मराठी लेखकांकडून: विणकराच्या आयुष्यात कथानक कुठं आहे? ज्याला हजार किलोमीटर चालत आलेल्या दहा वर्षांच्या पोरात कथानक दिसत नाही, त्याला किल्ल्यातसुद्धा फक्त दगडच दिसत असणार.

दुसरं उत्तर आपल्या मोहल्ल्यातून येतं आणि ते जास्त बोचतं. एक बुजुर्ग मला म्हणाले, “मास्तर, हे उकरू नका. आपण बाहेरून आलो हे आपणच लिहून दिलं तर उद्या तेच तोंडावर फेकतील.” त्यांची भीती मला समजते. ‘परत जा’ हे शब्द आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेत. पण लपवल्यानं ते शब्द थांबले का? आपण न सांगितलेली गोष्ट दुसरा सांगतो, आणि तो त्याच्या सोयीनं सांगतो.

शिवाय बाहेरून येणं हा गुन्हा कधीपासून झाला? आपल्याच जिल्ह्यातलं येवलं घ्या. तात्या टोपे 1814 साली तिथं जन्मले. पेशवाई बुडाली आणि दुसऱ्या बाजीरावाबरोबर त्यांचं कुटुंब उत्तरेत बिठूरला गेलं. 1857 ला ते तिथं लढले आणि 1859 च्या एप्रिलमध्ये शिवपुरीला फासावर गेले. उत्तरेत त्यांना कुणी परप्रांतीय म्हणत नाही, म्हणूही नये. मग त्याच काळात उत्तरेतून नाशिककडे आलेला विणकर दीडशे वर्षांनंतरही पाहुणाच कसा? रस्ता एक, काळ एक. एक कुटुंब वर गेलं, दुसरी खाली आली. ही दोन टोकं एका पुस्तकात आणली तर मराठी मुलाला आणि मोमिन मुलाला एकाच बाकावर बसून वाचण्यासारखं काही मिळेल.

मी शिकवतो त्या एकलहऱ्याचंच पाहा. 1970 च्या सुमारास इथं औष्णिक वीज केंद्र उभं राहिलं आणि त्याच्यामागे कॉलनी आली. माझ्या वर्गात विदर्भातली, खानदेशातली, कोकणातली आडनावं आहेत. कुणाचे आजोबा बॉयलरवर होते, कुणाचे कोळशाच्या वाघिणींवर. कुणाचे आजोबा मात्र इथलेच शेतकरी होते आणि केंद्रात त्यांची जमीन गेली. ‘तुमचं मूळ गाव कोणतं?’ असं विचारलं की निम्म्याहून जास्त वर्ग एकलहरे सोडून दुसरं नाव सांगतो. लाज कुणालाच वाटत नाही. लाजायला फक्त आम्हालाच शिकवलं जातं, आणि निम्मं ते आम्हीच शिकवतो.

आता थोडं स्वतःच्या लोकांविरुद्ध. ही गोष्ट उद्या लिहिली गेलीच तर ती कशी लिहिली जाईल याचीही मला धास्ती आहे. आपल्याकडे प्रत्येक घराचे परदादा इंग्रजांशी लढूनच निघालेले असतात. काही लढलेही असतील. पण विलायती कापडानं माग बसले म्हणून, दुष्काळ पडला म्हणून, पोट रिकामं होतं म्हणून निघालेले खूप होते. भूक ही हिजरतीपेक्षा हलकी गोष्ट नाही. तीही मुलांना सांगा. बंडखोर आजोबांचा पुतळा उभारला की आपणही किल्ल्याचीच गोष्ट लिहिली, फक्त झेंडा बदलला.

दुसरी धास्ती मोठी आहे. अमेरिकेत लॉरा इंगल्स वाइल्डर या लेखिकेनं नव्या मुलखात घर बांधणाऱ्या कुटुंबाची बालपुस्तकं लिहिली. त्यातलं सर्वांत गाजलेलं 1935 चं. पिढ्या त्यावर वाढल्या. पण ते कुटुंब ज्या जमिनीवर घर बांधत होतं ती ओसेज आदिवासींची होती. पहिल्या आवृत्तीत त्या मुलखाचं वर्णन असं होतं की तिथं माणसं नाहीत, फक्त आदिवासी आहेत. हे कुणाच्या तरी डोळ्यांत खुपायला आणि तो शब्द बदलायला 1953 साल उजाडलं. 2018 मध्ये तिथल्या ग्रंथपालांच्या संघटनेनं तिच्या नावाच्या पुरस्काराचं नावच बदललं. त्याआधी 1999 साली लुईझ अर्ड्रिक या ओजिब्वे वंशाच्या लेखिकेनं त्याच शतकातल्या एका ओजिब्वे मुलीची कादंबरी लिहिली होती. मला हे उत्तर जास्त आवडतं. जुनं पुस्तक कपाटातून काढायचं नाही, त्याच्या शेजारी दुसरं ठेवायचं.

आपले विणकर आले तेव्हा खानदेशही रिकामा नव्हता. भिल्ल होते. इंग्रजांनी 1825 साली भिल्लांचीच पलटण उभी करून भिल्लांना काबूत आणलं, आणि जंगल मोडून शेतं वाढत गेली. साळी होते, कोष्टी होते, त्यांचेही माग चालू होते. आपल्या गोष्टीत ही माणसं नसतील, फक्त आपला काफिला आणि ओसाड माळ असेल, तर आज आपण ज्याची तक्रार करतो तेच आपण दुसऱ्याला केलेलं असेल. मोमिन पोराला पहिली भाकरी देणारी भिल्लीण, सुताच्या भावावरून भांडणारा आणि नंतर रंगाची युक्ती सांगणारा साळी, हे सगळे त्या पुस्तकात हवेत.

लिहिणार कोण? मालेगावात उर्दूत लिहिणारे भरपूर आहेत, मुलांसाठी लिहिणारेही आहेत. पण तिथली गोष्ट बगदाद आणि अंदलुसपर्यंत सहज जाते, मोसम पुलापाशी येऊन मात्र अडते. मराठी प्रकाशकाला मोमिनपुऱ्याची वाट ठाऊक नाही. मुस्लिम मराठी साहित्य संमेलन 1990 ला सोलापुरात सुरू झालं, कविता आली, वैचारिक लेखन आलं, मुलांचं कपाट बव्हंशी रिकामंच राहिलं. आणि माझ्यासारखे दोन्ही लिप्या येणारे मास्तर? आम्ही निबंध तपासत बसलो. हा लेख आधी माझ्याच विरोधात आहे.

त्या मुलीला मी गृहपाठ दिला. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचार: आपण कुठून आलो, वाटेत काय खाल्लं, आल्यावर पहिली मदत कुणी केली? काल तिनं वही आणली. दीड पान. शेवटी लिहिलंय, “दादीला पुढचं आठवत नाही.”

दादी ऐंशीच्या पुढच्या आहेत. आपल्यापाशी किती वेळ उरलाय याचा हिशोब प्रत्येकानं आपापल्या घरात करावा. मी येत्या सुट्टीत वही घेऊन मालेगावला चाललोय.