किट १,८०० चं, मग डबा कितीचा?



"छंदालाच धंदा बनवा" हे वाक्य मी स्वतः निदान चार व्हिडिओंमध्ये बोललोय. आज त्यातलं अर्धं वाक्य मागे घ्यायचंय. कारण आहे एक रेल्वेचा डबा. खरा नाही हो, वीतभर लांबीचा.

माझं क्राफ्टच्या सामानाचं दुकान आहे हे तुम्हाला माहीत आहेच. मॉडेल रेल्वे हा माझा जुना नाद. गेल्या मे महिन्यात दुकानात एक गिऱ्हाईक आलं. त्याचे वडील रेल्वेत सी अँड डब्ल्यूला, म्हणजे डब्यांच्या देखभालीच्या खात्यात. ३१ तारखेला रिटायर होणार होते. "दादा, त्यांना स्लीपरचा डबा द्यायचाय, जुना निळा. होईल का?" मी मोबाइलवर किटची किंमत बघितली, १,८०० रुपये. मनात म्हटलं, पाचपट घेऊ. बोलून टाकलं, "नऊ हजार, बारा दिवसांत देतो." अॅडव्हान्सपण घेतला.

इथेच चूक झाली. नऊ हजार हा आकडा कमी होता की जास्त, हा नंतरचा प्रश्न. तो आला कुठून, हेच मला सांगता आलं नसतं.

कन्व्हर्जन किट म्हणजे अर्धाच माल

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कन्व्हर्जन किटमध्ये पूर्ण डबा नसतो. माझ्या किटमध्ये होत्या पाव मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्याच्या दोन बाजू (खिडक्या आणि त्यांचे आडवे गजसुद्धा कोरलेले), दोन टोकं, छप्पर आणि अक्षरांचे डेकल. चाकं, बोगी, तळ हे सगळं तुम्ही दुसऱ्या तयार मॉडेलमधून काढायचं. त्या मॉडेलला म्हणतात डोनर. आणि हो, आपण डब्यालाच बोगी म्हणतो, पण रेल्वेवाल्यांच्या भाषेत बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा.

किट बनवणाऱ्याचं डोकं बघा. चाकं आणि बोगीचे साचे करायला भरपूर पैसा लागतो, आणि तेवढा खप नाही. म्हणून तो फक्त जे वेगळं आहे तेवढंच बनवतो, बाकी दुसऱ्याच्या मालावर बसवतो. लहान उद्योगासाठी मला हे फार शहाणपणाचं वाटतं. फक्त लक्षात ठेवा, त्याने जे काम वाचवलं ते नाहीसं झालं नाही. ते तुमच्या टेबलावर आलं.

माझा डोनर होता ब्रिटिश रेल्वेचा मार्क वन डबा, ओओ स्केलचा. ओओ म्हणजे १:७६ आणि आपला डबा करायचा एचओमध्ये, १:८७. स्केल वेगळं, देश वेगळा, तरी मापं जुळतात कशी ते बघा. आयसीएफच्या बोगीचा व्हीलबेस २,८९६ मिलिमीटर. ८७ ने भागा, ३३ येतात. मार्क वनच्या बोगीचा साडेआठ फूट. ७६ ने भागला की ३४. बोगी जशीच्या तशी चालते. लांबीत मात्र फरक आहे. आयसीएफ डबा २१,३३७ मिलिमीटर, म्हणजे एचओमध्ये २४५. मार्क वन साडेचौसष्ट फुटी, म्हणजे ओओमध्ये २५८. मधून १३ मिलिमीटर कापून दोन्ही अर्धे पुन्हा जोडायचे, तेही काटकोनात आणि सरळ. जोड केसाएवढा तिरका गेला तर डबा रुळावर लंगडतो.

हे गणित मी ऑर्डर घेतल्यानंतर केलं. आधी करायला दहा मिनिटं लागली असती.

घाई कुठे भोवली

पहिले पाच दिवस कापणं, जोडणं, फिलर भरून घासणं यातच गेले. मग पितळी बाजू सुपर ग्लूने चिकटवल्या. पटकन होतं म्हणून. प्रायमर मारला आणि लवकर वाळावं म्हणून डबा दुकानाच्या पायरीवर उन्हात ठेवला. भुसावळचं मे महिन्याचं ऊन! तासाभराने बघतो तर एक बाजू मधोमध फुगून सुटलेली.

कारण साधं आहे. प्लास्टिक पितळापेक्षा तिपटीहून जास्त प्रसरण पावतं. २४५ मिलिमीटर लांबीत २० अंशांचा फरक पडला तर दोघांत पाव मिलिमीटरची ओढाताण होते. सुपर ग्लू कडक असतो, ताण सोसत नाही, तडकतो. तिथे हवा सावकाश बसणारा अराल्डाइट, आणि चोवीस तास सावलीत दाब देऊन ठेवणं. पाच मिनिटांत बसणारा नाही. काढलं, साफ केलं, पुन्हा चिकटवलं.

आता रंग. जुना निळा डबा म्हणजे अंगभर गडद निळा आणि खिडक्यांच्या ओळीवर फिकट निळा पट्टा. नियम असा की फिकट रंग आधी मारायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, पट्ट्यावर मास्किंग टेप लावायची आणि मग गडद मारायचा. २८ तारखेला दुपारी फिकट निळा मारला. संध्याकाळी बोट लावून बघितलं, वाळला होता. टेप लावली, गडद मारला, टेप काढली आणि टेपबरोबर फिकट निळापण निघून आला. दोन ठिकाणी तर थेट पितळ दिसायला लागलं.

बोटाला वाळलेला रंग आतून वाळलेला नसतो, हे मला माहीत होतं. दुकानात गिऱ्हाइकांना मीच सांगतो. आणि पितळ उघडं पडलं कारण प्रायमरच्या आधी पत्रा भांड्याच्या साबणाने घासून धुतला होता खरा, पण नंतर उघड्या बोटांनी धरला. बोटांचं तेल लागलं की प्रायमर तिथे धरत नाही. शिवाय पितळाला साधा प्रायमर पुरत नाही, एच प्रायमर लागतो. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळतो.

थिनरने रंग काढायचा मोह झाला, पण थिनर प्लास्टिकलाच खातो. रंग अॅक्रिलिक होता म्हणून आयपीएमध्ये भिजवून टूथब्रशने घासला. खिडक्यांच्या गजांमधला रंग टाचणीने काढला. रात्रीचे दोन वाजले.

३१ तारीख आली. सरकारी नोकरीतली रिटायरमेंटची तारीख तुमच्या रंगासाठी थांबत नाही. त्या मुलाने वडिलांना शाल-श्रीफळाबरोबर मोबाइलवर अर्ध्या डब्याचा फोटो दाखवला. मला तो काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

काकांनी डबा उलटा केला

११ जूनला दोघं डबा न्यायला आले. रंग आता नीट होता, पट्ट्याची रेघ सरळ. डेकलखाली ग्लॉस व्हार्निश मारलं होतं, त्यामुळे अक्षरांभोवती चंदेरी झाक नव्हती. जुन्या डब्याच्या नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे बांधणीचं वर्ष, आणि शेवटचे तीन २०१ ते ४०० मधले असले की स्लीपर. मुलाने ९४ सांगितलं होतं, काका नोकरीला लागले ते साल. मी खुश होतो.

काकांनी डबा हातात घेतला, नंबर वाचला, हसले. आणि लगेच डबा उलटा केला.

"ही अंडरफ्रेम आपली नाही," ते म्हणाले. "बॅटरी बॉक्स कुठंय? अल्टरनेटर कुठंय?"

मी डोनरचा तळ तसाच ठेवला होता. मनात म्हटलं होतं, खाली कोण बघतंय.

"तीस वर्षं मी ह्याच्या खालीच होतो रे," काका म्हणाले. रागावून नाही, सहज.

ज्याच्यासाठी वस्तू बनवतोय तो ती कुठल्या बाजूने बघणार, हा प्रश्न मी ऑर्डर घेताना विचारलाच नव्हता. मुलाने सांगितलं होतं "सी अँड डब्ल्यू". मी ऐकलं आणि सोडून दिलं.

डबा ठेवून घेतला. पुढचे दोन आठवडे काका अधूनमधून दुकानात येऊन बसायचे. बॅटरी बॉक्स कुठे, हवेच्या टाक्या कुठे, आसावरून पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर कुठल्या बाजूला, सगळं बोट ठेवून सांगायचे. मी स्टायरीनच्या पट्ट्या कापून बसवत गेलो. सहा तासांचं काम, फुकट. ते मला अजिबात जड वाटलं नाही. पण धंदा म्हणून ते फुकटच होतं, हेही खरं.

हिशोब

किट १,८००, डोनर २,६००, रंग-प्रायमर-टेप-गोंद १,१५०, लाकडी बैठक आणि पेटी ६००. एकूण सामान ६,१५० रुपये. उरले २,८५०. माझे तास ४१. तासाला ७० रुपयेही पडले नाहीत.

डिसेंबरमध्ये तसाच दुसरा डबा मी स्वतःसाठी बांधला. घड्याळ लावून, वही घेऊन:

- डोनर कापणं-जोडणं: ५ तास
- पितळी बाजू साफ करणं, वाकवणं, चिकटवणं: ४ तास
- फिलर आणि घासकाम: ३ तास
- अंडरफ्रेम: ३ तास
- रंग आणि मास्किंग: ५ तास
- डेकल आणि व्हार्निश: २ तास
- काचा, आतले बर्थ, छप्पर: ३ तास

एकूण २५. यात वाळण्याचा वेळ धरलेला नाही. गोंद, प्रायमर, फिकट रंग, गडद रंग, ग्लॉस, डेकल, शेवटचं व्हार्निश, प्रत्येकाला एक दिवस धरा. पावसाळ्यात अजून जास्त. दमट हवेत लॅकर मारलात तर त्यावर पांढरी झाक येते, म्हणजे काही दिवस काम बंदच ठेवावं लागतं. दुकान सांभाळून रोज दोन तास दिले तर महिना हवाच. मी बारा दिवस बोललो होतो.

आता दर काढा. सामान ६,१५०, २५ तासांचे तासाला २०० प्रमाणे ५,०००, बिघडलेल्या कामासाठी दहा टक्के. झाले १२,२६५. म्हणून आता मी १२,३०० सांगतो आणि ३० दिवस मागतो. तीन डबे एकत्र असतील तर एअरब्रश एकदाच साफ होतो, रंग एकदाच कालवला जातो, डबा वाळताना हात दुसऱ्या डब्यावर चालतो. मग डब्यामागे १९ तास पुरतात आणि ११,००० ला परवडतं. ९,००० ला कधीच परवडत नव्हतं.

"एवढे कोण देणार?"

हा प्रश्न तुम्ही विचारणारच. तेव्हापासून चार जणांनी चौकशी केली. दोघं दर ऐकून गेले, एकाने ऑर्डर दिली, एक अजून विचार करतोय. गेलेले दोघं माझं नुकसान नाहीत. त्यांची ऑर्डर घेतली असती तर ते नुकसान.

काही जण म्हणतील, पहिल्या कामात तोटा म्हणजे शिकण्याची फी. मान्य. पण फी आपली आपण भरायची. मी ती दुसऱ्याच्या वडिलांच्या ३१ तारखेतून भरली.

म्हणून माझं वाक्य आता असं आहे: छंदाचा धंदा जरूर करा, पण पहिला नग विकायचा नाही. तो स्वतःसाठी बनवायचा, घड्याळ लावून. केक असो, पैठणीच्या पर्स असोत, रेझिनचे दागिने असोत, नियम तोच. छंदात आपण तास मोजत नाही, म्हणून तर मजा येते. पण ज्या दिवशी अॅडव्हान्स घेतला त्या दिवशी तास मोजावेच लागतात. आणि मोजून मजा जात असेल, तर त्या छंदाला धंद्यात ओढू नका. तेही चालतं. सगळ्याच गोष्टी विकायच्या नसतात.

या आठवड्याचं काम: तुम्ही विकता किंवा विकायचं ठरवताय ती एक वस्तू घ्या. ती बनवताना प्रत्येक टप्प्याचा वेळ वहीत लिहा, वाळण्याचा, थंड होण्याचा वेळ वेगळा. मग आत्ताच्या दरातून सामान वजा करा आणि तासांनी भागा. आकडा बघून वाईट वाटलं तर दर बदला, स्वतःला दोष देत बसू नका.

आणि हो, ऑर्डर घेताना एक प्रश्न नक्की विचारा: "हे कोणासाठी आहे, आणि ते काय काम करतात?"

काकांचा डबा आता त्यांच्या घरी शोकेसमध्ये आहे. खाली आरसा लावून घेतलाय त्यांनी.