फुलांचा रंग आणि झाडाची पारख

बागेसाठीं रोप विकत घ्यावयास गेलेला मनुष्य बहुधा पहिला प्रश्न हाच विचारतो कीं, “याला फूल कोणत्या रंगाचें येतें?” प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु तेवढा एकच प्रश्न विचारून जो घरीं परततो, तो पुष्कळदां फसतो, असें माझें मत आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ एका परदेशी झाडाची हकीकत येथें सांगतों.

हें झाड म्हणजे क्रॅबॲपल. सफरचंदाच्या जातीच्या ज्या झाडांचें फळ दोन इंचांहून मोठें होत नाहीं, त्यांस हें नांव देण्याची रीत आहे. फळ आंबट व तुरट. पण वसंत ऋतूंत हें झाड फुलांनीं असें कांहीं डंवरतें कीं, फांदी दिसूं नये. हिवाळ्यांतील कडक थंडीवांचून त्याच्या कळ्या नीट उमलत नाहींत. म्हणून आपल्या उष्ण प्रदेशांतील बागांत तें दिसत नाहीं. अमेरिका, कॅनडा व युरोप येथें मात्र तें शोभेसाठीं फार आवडीनें लावतात.

यांतील किरमिजी फुलांच्या पुष्कळ जातींचें मूळ मध्य आशियांतील तिएनशान पर्वतांत आहे. तेथें नेडझ्वेत्स्कीचें सफरचंद या नांवानें ओळखलें जाणारें एक रानटी झाड वाढतें. त्याचें कोवळें पान तांबूस, फूल किरमिजी आणि फळ कापलें तर गरही लाल! अमेरिकेंतील साउथ डकोटा येथील प्राध्यापक नील्स हॅन्सन यांनीं सैबेरियांतील काटक क्रॅबॲपलशीं त्याचा संकर करून ‘होपा’ ही जात निर्माण केली. कॅनडांत ओटावा येथें इझाबेला प्रेस्टन या विदुषीनें १९२० नंतरच्या दशकांत अशाच गुलाबी फुलांच्या जाति तयार करून त्यांस आपल्या देशांतील सरोवरांचीं नांवें दिलीं.

हा लाल रंग अँथोसायनिन नांवाच्या द्रव्याचा आहे. पाकळीच्या सूक्ष्म पेशींतील रसांत तें विरघळलेलें असतें. वनस्पतींतील रंगद्रव्यांच्या संशोधनाबद्दल जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलस्टेटर यांस १९१५ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. या द्रव्याची ओळख आपणांस घरींही करून घेतां येईल. जास्वंदीच्या लाल पाकळ्या गरम पाण्यांत घालून ठेवाव्या. त्या पाण्यांत लिंबाचे थेंब पडतांच तें लालभडक होतें, आणि खाण्याचा सोडा टाकल्यास हिरवट होतें. रातांब्याची लाली आणि आंब्याच्या कोंवळ्या पालवीचा तांबूसपणा हीं याच द्रव्याचीं रूपें होत. उलट बीट व बोगनवेल यांचा रंग तसाच दिसला, तरी तो अगदीं निराळ्या द्रव्याचा असतो. केवळ डोळ्यांवर विसंबून पारख करणाऱ्यास हा पहिला इशारा समजावा.

दुसरा इशारा याहून मोठा आहे. लाल गराच्या सफरचंदांत रंग तयार करण्याचा हुकूम देणारें एक जनुक असतें. त्या जनुकाच्या अग्रभागांतील एक लहानसा तुकडा पुनःपुन्हा आलेला असतो, आणि त्यामुळें तें जनुक स्वतःच स्वतःला चेतवीत राहतें, असें न्यूझीलंडमधील संशोधकांनीं २००९ सालीं दाखविलें. म्हणजे पान, फूल व गर यांना रंगविणारी कळ एकच! परंतु रोगाशीं झुंजण्याची शक्ति त्या कळींत नाहीं. ‘होपा’ची फुलें पाहून लोक मोहित झाले, पण पावसाळी हवेंत ‘स्कॅब’ नांवाचा बुरशीचा रोग पडला कीं पानांवर काळपट डाग येत, पानें पिवळीं पडून गळत, आणि भर उन्हाळ्यांत झाड उघडें दिसे. चार दिवसांच्या शोभेसाठीं वर्षभराची छाया गमावली!

रंग आणि आरोग्य यांचें वैर आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. इलिनॉय विद्यापीठांत तयार होऊन १९८२ सालीं प्रसृत झालेली ‘प्रेअरिफायर’ ही जात गडद किरमिजी फुलांची असूनही या रोगास सहसा दाद देत नाहीं. अर्थात् दोन्ही गुण एकत्र येऊं शकतात. मात्र ते दोन्ही शोधणारा पारखी असावा लागतो.

आणखी एक गोष्ट विसरतां कामा नये. ज्या रानटी झाडानें इतक्या बागांस रंग दिला, तें आपल्या मूळ अरण्यांत आतां विरळ झालें असून, २००७ सालीं त्याची गणना धोक्यांतील जातींत करण्यांत आली. वंशजांचें कौतुक करावयाचें आणि पूर्वजास सरपणासाठीं तुटूं द्यावयाचें, ही कृतघ्नता होय. पुढें नवीन रोग आला, तर त्यास तोंड देणारा गुण आपणांस अशाच रानांत शोधावा लागेल.

विद्यार्थिमित्रहो, पुढच्या पावसाळ्यांत आपण रोप आणावयास जाल, तेव्हां रंगाचा प्रश्न अवश्य विचारा. परंतु त्याबरोबरच हें झाड आपल्या हवेंत टिकेल काय, त्यावर रोग पडतो काय, मधमाशीस त्यापासून कांहीं मिळतें काय, हेंही विचारा. पालकांनींही मुलांस असे प्रश्न विचारावयास शिकवावें. फुलांचा बहर आठ दिवसांत ओसरतो. झाडाशीं मात्र आपला संबंध बारा महिन्यांचा असतो.