टँकरच्या पाठीवर काय लिहिलंय?

हायवेवर टँकरच्या मागे बाइक अडकली की आपण काय करतो? हॉर्न वाजवतो आणि फट मिळाली की कट मारून पुढे. त्या टँकरच्या पाठीवर एक चौकट असते. तिच्यात काही आकडे, एक चित्र आणि फोन नंबर असतात. ती कधी वाचलीय?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर ही चौकट तीन ठिकाणी लावावीच लागते. १२०३ म्हणजे आत पेट्रोल, १०७५ म्हणजे एलपीजी. सोबतच्या कोडमधला ३ अग्निशमन दलाला सांगतो, की इथे फोम वापरा. शेवटी 'ई' असेल, तर परिसर रिकामा करण्याचा विचार करा.

अशा गाडीच्या ड्रायव्हरला तीन दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. ब्रेक मारल्यावर गाडी किती अंतरावर थांबते इथपासून गळती झाली तर विहिरी-नद्या कशा वाचवायच्या, इथपर्यंत सगळं त्यात येतं. हे लायसन्स तीन वर्षं चालतं आणि नूतनीकरणाआधी उजळणी करावी लागते. ड्रायव्हर प्रशिक्षित आहे ना, हे पाहणं माल पाठवणाऱ्या कंपनीचंही काम आहे.

म्हणजे नियम आहेत, आणि चांगले आहेत. पण टँकर उलटला तर आधी पोहोचतो कोण? मागच्या बाइकवरचे तुम्ही-आम्ही, शेजारचा टपरीवाला, गावातली पोरं. यांच्यासाठी प्रशिक्षण शून्य. लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत मला झेब्रा क्रॉसिंग विचारलं, या चौकटीबद्दल एकही प्रश्न नव्हता.

१३ जून २०२३ ला मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कुणे गावाजवळच्या पुलावर टँकर पेटला. जळतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर पडलं. चार जण गेले. २५ जून २०१७ ला पाकिस्तानात अहमदपूर शर्किया इथे उलटलेल्या टँकरमधलं पेट्रोल भरून घ्यायला लोक बादल्या-कॅन घेऊन धावले. भडका उडाला आणि दोनशेहून जास्त माणसं मेली. आपल्याकडे आता कॅनसोबत मोबाइलही पुढे येतो. रील जवळूनच हवी ना!

तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ... राज्यभर रासायनिक कारखाने आहेत आणि त्यांचा माल आपल्याच रस्त्यांवरून जातो. त्यामुळे माझं म्हणणं साधं आहे. लर्निंगच्या परीक्षेत या चौकटीवर दोन प्रश्न टाका. ड्रायव्हरसोबत क्लीनरलाही शिकवा, कारण ड्रायव्हर बेशुद्ध पडला तर केबिनमधलं सूचनापत्र वाचणार कोण? आणि चिखलानं माखलेली चौकट घेऊन फिरणाऱ्या गाडीला थांबवून आधी ती पुसायला लावा.

तोवर आपल्या हातात काय आहे? टँकर उलटलेला दिसला तर लांब थांबा, वाऱ्याच्या उलट्या दिशेला म्हणजे वारा जिकडून येतोय तिकडे सरका. बाइक चालू करू नका, सिगारेट तर नाहीच. लांबूनच ११२ ला फोन करा आणि चौकटीतला नंबर दिसत असेल तर तो सांगा. ते चार आकडे अग्निशमन दलाला तुमच्या रीलपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतील.