जुन्या गाडीच्या तब्येतीचाही कागद हवा

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
कर्नाटक राज्य, बेंगळुरू

महोदय,

बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू अशी उंच गाडी घरी येते ती बहुधा जुनीच. महामार्ग ६५ वरून पुण्या-सोलापूरकडून येते, नाहीतर हैदराबादकडून. विकणाऱ्याचं पालुपद ठरलेलं: "डॉक्टरांची गाडी आहे, एका हाताची."

जाणता मेकॅनिक मात्र आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढतो. खालच्या टोकाला पाण्याची रेघ, सीटच्या रुळांवर गंज, स्टेपनीच्या खळग्यात गाळ दिसला की समजावं, गाडी पुरात उभी होती. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबाद. तिथल्या सगळ्या गाड्या भंगारात गेल्या, असं मानणं भाबडेपणाचं आहे. वायरिंगमधला गंज काही महिन्यांनी डोकं वर काढतो, तोवर एजंट फोन उचलत नाही.

फेंडरच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा असतील तर अपघाताची चौकशी करावी. टायरवर '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटर वीस हजार किलोमीटर दाखवतं आणि चारही टायर मात्र गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे, तर मीटर मागे फिरवल्याचा संशय घ्यावा. बीएस-६ डिझेल गाडी शहरातच रखडत चालली असेल तर काजळी अडवणारा डीपीएफ तुंबलेला असू शकतो, आणि तो बदलणं फार महाग पडतं. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावं, खड्ड्यातून नेऊन सस्पेन्शनची खडखड ऐकावी.

पण हे सगळं गिऱ्हाइकानेच का ओळखायचं? केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये नियम दुरुस्त करून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना नोंदणी प्राधिकरणाचं अधिकारपत्र बंधनकारक केलं, १ एप्रिल २०२३ पासून. मात्र हा नियम मालकीच्या कागदांचा आहे, गाडीच्या तब्येतीचा नाही.

म्हणून तीन मागण्या आहेत. बिदर, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गीच्या आरटीओ कार्यालयांत अधिकृत विक्रेत्यांची यादी कन्नड आणि मराठीत लावावी. सर्व्हिसची नोंद, विम्याचे दावे आणि पुराचा इतिहास विक्रेत्याने सौद्याआधी सही करून द्यावा. महाराष्ट्राच्या नंबरची गाडी इथे नोंदवताना आजीवन कर किती भरावा लागेल, हेही त्याच कागदावर असावं.

तुरीचा पैसा हातात आला की इथे गाड्यांचे सौदे वाढतात. त्याआधी हा आदेश काढावा, ही विनंती.

आपला,
भालकी तालुक्यातील एक ग्राहक