खिशातील समुपदेशक, खिशातील शिपाई

अमेरिकेतील बालन्यायालयांपुढे येणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांना गांजाची सवय जडलेली असते. मुलाला न्यायालयात आणणारा गुन्हा अनेकदा वेगळाच असतो. दुकानातील किरकोळ चोरी, शाळेतील मारामारी, घरातून पळून जाणे. परंतु एकदा ते प्रोबेशनवर, म्हणजे न्यायालयाच्या देखरेखीखाली, आले की गांजापासून दूर राहणे ही त्याच्या मोकळेपणाची एक अट होऊन बसते. ही सवय कमी करण्यास मदत व्हावी म्हणून तेथील संशोधकांनी गेल्या काही वर्षांत स्मार्टफोनवरील अ‍ॅपचे प्रयोग चालविले आहेत. यंत्र म्हटले की नाक मुरडायचे, ही डाव्या चळवळीची एक जुनी खोड आहे. येथे ती कामाची नाही. अ‍ॅपमध्ये मुलाने लिहिलेले उत्तर कोण वाचणार, हा येथील खरा प्रश्न आहे.

अ‍ॅपची कल्पना साधी आहे. दिवसातून काही वेळा फोन वाजतो आणि विचारतो: कुठे आहेस, बरोबर कोण आहे, मन कसे आहे, ओढ वाटते का? उत्तरानुसार एखादा संदेश येतो. बोस्टनच्या बालरुग्णालयातील डॉ. लिडिया श्रायर यांनी बसविलेल्या उपचारात प्रथम समुपदेशकाबरोबर दोन बैठका होतात आणि मग दोन आठवडे फोनवरून प्रश्न व संदेश चालू राहतात. यामागील विचार विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेला आहे. व्यसनी माणसाला उपदेशाचे डोस पाजू नयेत. बदलण्याची कारणे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावीत, असा तो विचार. फोन त्याला एक मोलाची जोड देतो. समुपदेशकाची वेळ मंगळवारी दुपारची असते आणि ओढ लागते ती शनिवारी रात्री, मित्रांच्या घोळक्यात. त्या घटकेला जवळ असतो तो फोनच. श्रायर यांच्या प्रयोगातील तरुण मात्र दवाखान्यात आलेले रुग्ण होते. न्यायालयाच्या हुकमाने आलेल्या मुलाची गोष्ट निराळी असते.

गांजाचा अपाय खोटा आहे असे कोणी समजू नये. सरकारी यंत्रणांनी जप्त केलेल्या मालातील मादक द्रव्याचे प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होते, ते २०२१ पर्यंत सुमारे १५ टक्क्यांवर गेले. वाढत्या वयाच्या मेंदूला हे परवडणारे नाही. २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला. आज निम्म्याच्या आसपास राज्यांत तो राजरोस दुकानांत मिळतो. या राज्यांत खरेदीला वयाची अट २१ वर्षांची आहे. म्हणजे ज्या वस्तूवर काही मंडळी गडगंज होत आहेत, त्याच वस्तूपायी १६ वर्षांचा मुलगा न्यायाधीशापुढे उभा राहतो. हा मुलगा कोणाचा असतो, हेही लपलेले नाही. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने २०२० मध्ये दाखवून दिले की कृष्णवर्णीय आणि गोरे यांच्यात गांजा वापरण्याचे प्रमाण जवळपास सारखे असूनही तो बाळगल्याबद्दल कृष्णवर्णीयांना अटक होण्याची शक्यता ३.६४ पट आहे. गोऱ्या उपनगरातील मुलगा ओढतो तेव्हा आईबाप डॉक्टर गाठतात. गरीब वस्तीतील मुलगा ओढतो तेव्हा पोलीस त्याला गाठतात.

खरी मेख पुढे आहे. समुपदेशकाच्या दृष्टीने रोज ओढणारा मुलगा आठवड्यातून दोनदा ओढू लागला तर तो विजय आहे. अमेरिकेत ६०० किशोरवयीनांवर पाच उपचारपद्धतींची एक मोठी चाचणी झाली. २००४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाचही पद्धतींनी मुले सुधारली. त्यांत अवघ्या पाच बैठकांची स्वस्त पद्धतही मागे पडली नाही. तरीसुद्धा वर्षअखेर बहुसंख्य मुले पूर्णपणे मुक्त झालेली नव्हती. सवय सुटते ती अशी, पायरी पायरीने, मधूनमधून घसरत. न्यायालयाजवळ मात्र लघवीची तपासणी असते. गांजातील द्रव्य शरीराच्या मेदात साठते; नित्य ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचा अंश कित्येक आठवडे सापडू शकतो. त्यामुळे सातावरून दोनावर आलेला मुलगा आणि सातावरच राहिलेला मुलगा या तपासणीला सारखेच दिसतात. अ‍ॅपला त्यांच्यातला फरक दिसतो, पण तो मुलगा खरे सांगेल तरच. आणि ‘या आठवड्यात दोनदा ओढला’ हे खरे वाक्य उपचाराच्या वहीत प्रगती ठरते, तर प्रोबेशनच्या वहीत अटीचा भंग.

संशोधन चालू आहे तोवर मुलाला एक ढाल असते. राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पैशावर चालणाऱ्या अशा संशोधनाला २०१७ पासून गोपनीयतेचे प्रमाणपत्र आपोआप मिळते, आणि सहभागी व्यक्तीची माहिती न्यायालयाने मागितली तरी संशोधक ती देत नाहीत. प्रयोगातून जी उत्तेजक फळे हाती येतील, ती या ढालीआड आलेली असतील. उद्या प्रयोग संपला, एखाद्या काउंटीने तेच अ‍ॅप कंत्राटाने विकत घेतले, की ढाल गळून पडते. व्यसनोपचाराच्या नोंदी गुप्त ठेवणारे संघराज्याचे नियम १९७०च्या दशकापासून आहेत खरे. परंतु ते केंद्रीय साहाय्य मिळणाऱ्या उपचारकेंद्रांना लागू होतात, शिवाय रुग्णाच्या लेखी संमतीने नोंद न्यायालयाकडे जाऊ शकते. ज्याच्यापुढे सही किंवा कोठडी एवढेच दोन मार्ग आहेत, त्या मुलाच्या संमतीला संमती म्हणणे ही थट्टा आहे. प्रौढांचा ठावठिकाणा फोनवरून कळविणारी अ‍ॅप प्रोबेशन खात्यांत रुळली आहेतच.

ही भीती अतिरंजित वाटत असेल त्याने मिशिगन राज्यातील २०२० सालची घटना आठवावी. साथीमुळे शाळा बंद होत्या. प्रोबेशनवर असलेल्या १५ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीने ऑनलाइन अभ्यास पूर्ण केला नाही, म्हणून न्यायाधीशाने अटीचा भंग झाल्याचे ठरविले आणि तिची रवानगी सुधारगृहात केली. तेथे ती सुमारे अडीच महिने होती. अपील न्यायालयाने ३१ जुलै रोजी तिच्या सुटकेचा आदेश दिला. गणिताचा गृहपाठ जर कोठडीचे कारण होऊ शकतो, तर गांजाची कबुली का होणार नाही?

बाजाराविषयी थोडक्यात. व्यसनोपचारासाठी अमेरिकी औषध प्रशासनाने २०१७ मध्ये ‘रीसेट’ नावाच्या अ‍ॅपला मंजुरी दिली. तीही १८ वर्षांवरील रुग्णांसाठी. ते बनविणारी पेअर थेरप्युटिक्स ही कंपनी एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि तिची मालमत्ता लिलावात तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. त्याच वर्षी ग्राहकांची मानसिक आरोग्यविषयक माहिती जाहिरातीसाठी फेसबुक वगैरेंना पुरविल्याचा ठपका बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर आला. तडजोडीत तिला ७८ लाख डॉलर द्यावे लागले.

जगातील पहिले बालन्यायालय १८९९ मध्ये शिकागोत स्थापन झाले. कायद्याने प्रोबेशन अधिकारी नेमण्याची सोय केली, पण त्यांच्या पगाराची केली नाही! पैसे नागरिकांनी उभे केले आणि पहिली अधिकारी झाली अल्झिना स्टीव्हन्स. ही बाई तेराव्या वर्षी कापडगिरणीत कामाला लागली आणि तेथेच यंत्रात तिचे बोट तुटले. पुढे तिने खिळे जुळविण्याचे काम केले, कामगार संघटना बांधल्या, कारखाने तपासले. कोर्टात उभ्या राहिलेल्या पोराचे घर कसे असते, हे तिला कोणी सांगावे लागत नव्हते. १९०० साली ती वारली. तिची खुर्ची आज प्रकरणांच्या ढिगाखाली दबलेली आहे, आणि अ‍ॅपमुळे ती भरण्याचा खर्च वाचेल, हा हिशेब अंदाजपत्रक मांडणाऱ्याला फार लवकर सुचतो.

तेव्हा अ‍ॅप द्यावे. परंतु त्यातील उत्तरे न्यायालयात पुरावा म्हणून कधीही येणार नाहीत असे कायद्यात लिहून द्यावे, संमतीपत्राची पळवाट बुजवून द्यावे. अ‍ॅप नाकारणाऱ्या मुलाला त्याबद्दल शिक्षा नसावी. समुपदेशकांची पदे कमी करून ते विकत घेऊ नये. महिन्याच्या विसाव्या दिवशी ज्याचा डेटा संपतो, त्याचे बिल शासनाने भरावे. ही शेवटची मागणी क्षुल्लक वाटेल. परंतु कॅलिफोर्नियात २०१७ मध्ये यासाठी कायदा करावा लागला. तो अमलात येईपर्यंत मुलाच्या पायात अडकविलेल्या पाळतयंत्राचे भाडे आणि त्याच्या लघवीच्या तपासणीचा खर्च काउंट्या त्याच्या आईबापांकडून वसूल करू शकत होत्या.